विंचवाचे बिऱ्हाड

सप्टेंबर १९६० मध्ये जॉन स्टाइनबेक ट्रकच्या पाठीवर बिछाना आणि शेगडी असलेली छोटी खोली बसवून अमेरिका पाहायला निघाला. सोबत चार्ली नावाचा कुत्रा. ट्रकला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले, ‘रोसिनान्ते’. या भटकंतीवरचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ मध्ये आले. पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, बिल स्टायगरवॉल्ड हा पत्रकार त्याच मार्गाने गेला. कागदपत्रांशी ताडून पाहता लेखकाच्या बहुतेक रात्री त्या खोलीत नव्हे, तर हॉटेलांत आणि मोटेलांत गेल्या होत्या, असे त्याने दाखवले. त्यावर ‘लेखक खोटे बोलला का’ एवढीच चर्चा झाली. मला वाटते, प्रश्न निराळा आहे. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेणे कोणाच्या बाबतीत छंद ठरते आणि कोणाच्या बाबतीत गुन्हा?

कारण असे एक बिऱ्हाड याच लेखकाने आधी रंगवले होते. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) मधील जोड कुटुंबाचा ट्रकही चाकांवरचे घरच आहे. गाद्या, भांडी, म्हातारीकोतारी, सारे त्यात. पण त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही.

हा भेद तळांच्या इतिहासातच आहे. मोटारी स्वस्त झाल्यावर, १९२० च्या सुमारास, अनेक अमेरिकी शहरांनी प्रवाशांसाठी फुकट तळ उघडले. पाणी द्यावे, शौचालय द्यावे, म्हणजे पाहुणा बाजारात चार पैसे खर्च करील, असा साधा व्यापारी हिशोब. परंतु जुन्या फोर्ड गाडीतून कामाच्या शोधात निघालेली कुटुंबेही तिथे उतरू लागली. दशकाच्या मध्यापासून शुल्क आले, मुक्कामाचे दिवस मोजले जाऊ लागले. थोड्याशा पैशांत नकोशी माणसे गळून पडली.

तळाला आजचे रूप दिले एका वनस्पतिरोगतज्ज्ञाने, ही गंमत सांगितलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातील ई. पी. माइनेके यांच्या लक्षात आले की मोटारींच्या चाकांखाली आणि माणसांच्या पायांखाली माती घट्ट होते आणि मोठमोठ्या वृक्षांच्या मुळांना इजा पोहोचते. १९३२ मध्ये त्यांनी उपाय मांडला : एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येक गाडीला आखून दिलेला कोपरा, जागचे न हलणारे टेबल आणि चूल. ज्याला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात ते फिरते घर घेऊन आज कोणत्याही सरकारी तळावर जा, मांडणी साधारण हीच दिसेल.

झाडांच्या मुळांची अशी काळजी वाहिली जात होती, त्याच राज्याच्या सीमेवर फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस उभे राहिले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत पाठवू लागले. त्याच वर्षी स्टाइनबेक आर्विन येथील सरकारी तळावर गेला. तिथे गरम पाणी होते, कपडे धुण्याची सोय होती आणि रहिवाशांनी निवडलेल्या समित्या कारभार पाहत. व्यवस्थापक टॉम कॉलिन्सच्या नोंदींचा त्याने भरपूर उपयोग केला. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत त्याचेही नाव आहे. कादंबरीत या तळावर जोड कुटुंबाला प्रथम माणूस म्हणून वागवले जाते. वर्गात शिकवताना विद्यार्थी शेवटच्या प्रसंगावर थांबतात. मला शौचालयातल्या पाण्याच्या लोंढ्याने चकित होणारी मुले अधिक आठवतात.

जेसिका ब्रूडरच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) मध्ये हे दोन्ही ट्रक एकाच तळावर येतात. घरभाडे परवडत नाही म्हणून साठी ओलांडलेली माणसे गाडीत राहतात, हंगामी कामे करतात, कधी तळाचीच शौचालये धुतात. सार्वजनिक जमिनीवर साधारणपणे चौदा दिवसांचा फुकट मुक्काम चालतो. मग पुढचा तळ.

जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधील ग्रँट्स पास या शहराचे नियम सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवले. त्या नियमांत तात्पुरत्या वास्तव्यासाठी अंथरूण पसरलेली कोणतीही जागा म्हणजे ‘कॅम्प’, मग ते अंथरूण तंबूत असो की गाडीत.