उतारवयातील मद्यासक्ती : वार्धक्याआड दडलेला आजार

नवी दिल्ली : ज्येष्ठ नागरिकांमधील दारूचे व्यसन बहुधा उशिरा उघडकीस येते. विसरभोळेपणा, तोल जाऊन पडणे, निद्रानाश, चिडचिड, अन्नावरची वासना उडणे ही त्याची लक्षणे वार्धक्याच्या खुणांशी मिळतीजुळती असतात. 'वय झाले' असे म्हणून कुटुंबीय ती सोडून देतात.

काहींचे व्यसन तारुण्यापासूनचे असते, तर काहींना ते साठीनंतर जडते. निवृत्तीनंतरचे रिकामपण, जोडीदाराचा वियोग आणि एकाकीपणा ही त्यामागील प्रमुख कारणे होत. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटत असल्याने पूर्वीइतक्याच दारूने रक्तातील मद्यार्काची पातळी अधिक वाढते. झोपेच्या वा मधुमेहाच्या औषधांसमवेत घेतलेली दारू विशेष घातक ठरते.

या आजाराची झळ प्रथम जोडीदाराला बसते. बहुतेक घरांत ती स्वतःही वयोवृद्ध असलेली पत्नी असते. निवृत्तिवेतनाला गळती लागते, नातवंडे दुरावतात आणि वडीलधाऱ्यांना बोलायचे कसे, या संकोचापोटी मुले गप्प राहतात. अब्रू झाकण्याच्या या धडपडीत उपचारांना विलंब होतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने (एम्स) केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींना मदतीची गरज आहे, असे त्यात नमूद आहे. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचेही आढळले.

दारू सोडविण्यासाठी बाटली कुलूपबंद करणे हा घरगुती उपाय धोकादायक ठरू शकतो. दीर्घकाळ नियमित पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडल्यास पहिल्या काही दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. वृद्धांच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणून दारू सोडविण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी लागते.

राजधानी परिसरात त्यासाठी गाझियाबाद येथील एम्सचे राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र आणि दिल्लीच्या दिलशाद गार्डनमधील 'इहबास' ही मनोरुग्णालय संस्था उपलब्ध आहे. मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांत समावेश केला असल्याने त्यावरील उपचार हा रुग्णाचा हक्क ठरतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिन्या आहेत.

मद्यपीच्या नातलगांसाठी 'अल-अनॉन' हे स्वमदत गट १९५१ पासून कार्यरत असून भारतातही त्यांच्या सभा होतात. रुग्ण उपचारांस तयार नसला, तरी कुटुंबीयांना तेथे स्वतःसाठी आधार मिळू शकतो.