सिकलसेल आहे, पण दिसत नाही: दिव्यांग प्रमाणपत्र आणि पेन्शनसाठी किन्हवलीतून अर्ज कसा करायचा?

सिकलसेलच्या रुग्णाचे हातपाय शाबूत असतात, डोळे-कान नीट असतात. त्यामुळे ‘हा कसला अपंग?’ हा प्रश्न घरातूनच सुरू होतो. कायद्याचं उत्तर मात्र स्पष्ट आहे. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त सात प्रकार होते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले आणि त्यात रक्ताचे तीन आजार आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. मधुमेह, हृदयविकार, किडनीचे आजार कितीही जुने असले तरी या यादीत नाहीत.

आदिवासी समाजात सिकलसेल जास्त आढळतो आणि शहापूर-मुरबाड हा ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी वस्तीचा पट्टा आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे घराघरातला आहे.

आधी रिपोर्ट नीट वाचा

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन होते ती फक्त प्राथमिक चाचणी. प्रमाणपत्रासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट लागतो. त्यात ‘एएस’ असेल तर तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही. वाहकाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. ‘एसएस’ असेल तर रुग्ण. हा फरक न कळल्याने अनेकांची फेरी फुकट जाते.

टक्केवारी कशी ठरते?

खरी अडचण इथे आहे. पाय गमावलेल्या माणसाचं अपंगत्व मोजता येतं, पण दुखण्याचं काय? डॉक्टर पाहतात ते असं: वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा चढवावं लागलं, दवाखान्यात किती वेळा भरती व्हावं लागलं, खुबा, प्लीहा, किडनी, मेंदू अशा अवयवांवर परिणाम झाला का. तपासणीच्या दिवशी तुम्ही बरे दिसाल. तेव्हा बोलतात ते कागद.

म्हणून डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, सोनोग्राफीचे रिपोर्ट, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं जपून ठेवा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे कागद झोपडीतच भिजतात किंवा हरवतात. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकालाही पाठवून ठेवा. दुखणं गावठी औषधावर घरीच सोसलं तर त्याची नोंद कुठेच राहत नाही, हेही लक्षात घ्या.

अर्ज कुठे?

स्वावलंबन पोर्टलवर. मोबाइलवरून भरता येतो, जमत नसेल तर सेतू केंद्रातून. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि रिपोर्ट जोडा. तपासणीसाठी रुग्णालयाचं नाव पोर्टलवर निवडावं लागतं. तिथे दिव्यांग तपासणी कोणत्या वारी असते आणि रक्ताच्या आजारासाठी डॉक्टर त्या दिवशी असतात का, हे विचारूनच निघा. किन्हवलीहून आसनगाव गाठून ठाण्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि रुग्णासोबत कोणी असेल तर दोघांची. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे; नियम आगारात विचारा.

40 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरं कार्ड येतं, 40 ते 79 ला पिवळं, 80 आणि पुढे निळं. टक्केवारी मान्य नसेल तर अपील करता येतं, कायद्याच्या कलम 59 मध्ये तशी तरतूद आहे. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असेल तर ती संपण्याआधीच नूतनीकरणाला लागा, नाहीतर पेन्शन अडकते.

पैसे कुठून?

कार्ड आलं की पैसे आपोआप सुरू होत नाहीत. हा सगळ्यात मोठा गैरसमज. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज वेगळा, तहसील कार्यालयात. किन्हवलीकरांनी शहापूरला, सरळगावकडच्यांनी मुरबाडला. वय 18 ते 65, अपंगत्व किमान 40 टक्के, महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य, आणि दिव्यांग असल्यास कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांपर्यंत, अशा अटी आहेत. सरकारने 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिना 1500 वरून 2500 रुपये केलं. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर मंजुरी मिळूनही हप्ता येत नाही, त्यामुळे हे काम आधी उरका. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. ग्रामसभेत लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

शिक्षण आणि नोकरीत काय?

उच्च शिक्षणात 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना पाच टक्के जागा राखीव आहेत आणि त्यात सिकलसेल येतो. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. यादीत नाव आहे, पण नोकरीत जागा नाही, अशी ही विचित्र स्थिती. ‘दिव्यांग कोट्यातून नोकरी लावतो’ म्हणून कोणी सिकलसेल रुग्णाकडे पैसे मागत असेल तर तो फसवतोय.