रिकामी खाट कोणासाठी?

२० मार्च २०२० रोजी जबलपूरमध्ये परदेशातून परतलेल्या चौघांना कोविडचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. मध्य प्रदेशातील ही पहिली नोंद होती. राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था याच शहरात असल्याने तपासणीची सोय जवळ होती. खाटांचे नियोजन तपासणीपासूनच सुरू होते: अहवाल येईपर्यंत संशयितालाही वेगळी खाट लागते आणि अहवाल लांबला की ती अडून राहते.

रुग्ण हजारोंनी वाढू लागले, की हाच प्रश्न किती बिकट होतो, ते मुंबईने अनुभवले. आरंभी तेथे खाटेची मागणी १९१६ या एकाच मदतवाहिनीवर येई. जून २०२० मध्ये महापालिकेने २४ प्रशासकीय विभागांत स्वतंत्र ‘वॉर रूम’ उभारल्या. बाधितांची यादी तेथे पोहोचे. लक्षणे, वय व सहव्याधी विचारून घरी विलगीकरण, प्राणवायूची खाट की अतिदक्षता विभाग, हे ठरविले जाई.

खाट म्हणजे केवळ लोखंडी सांगाडा नव्हे. प्राणवायूची नळी आणि परिचारिकेची पाळी तिला जोडलेली असते. सौम्य लक्षणांच्या रुग्णाने ती अडवली, तर धाप लागलेला रुग्ण दारातच थांबतो.