रबाळ्याचे पाणी आणि गाळाचे दफ्तर

ठाणे तालुक्यातील मौजे रबाळे हे गाव पूर्वेस पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेस ठाण्याची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत वसलेले असून, पावसाळ्यात डोंगरावरून धावत येणारे ओढे भातखाचरांतून वाट काढीत खाडीस मिळावेत आणि आगरी-कोळ्यांनी खाजणात निवटी, बोय नि चिंबोऱ्या धराव्यात, असा येथील जीवनक्रम पिढ्यानपिढ्या चालत आला होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, खाडीकाठच्या जमिनी संपादित झाल्या, रंग, औषधे, क्षार व पेट्रोरसायने यांचे कारखाने उभे राहिले, आणि ज्या ओढ्यांत पाऊस सरल्यावर टिपूस दिसत नसे ते बारमाही वाहू लागले. अर्थात या समृद्धीबद्दल कोणी कृतज्ञता व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही.

सरकारदरबारी या प्रश्नाची दखल त्या मानाने लवकर घेतली गेली, हे नमूद केले पाहिजे. केंद्राचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने मात्र जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ सालीच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी त्यासाठी मंडळही नेमले. केंद्रीय कायद्याने नमुना घेण्याची रीतसुद्धा ठरवून दिली: कारखानदारास तेथल्या तेथे नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, ते मोहोरबंद करून त्यांवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात. फिर्याद टिकावी म्हणून हा बंदोबस्त योग्यच होय. परंतु तो सांडपाण्याच्या निकासाशी घटकाभरात आटोपतो, आणि रसायनाची खरी हकीकत तर तेथून पुढे सुरू होते.

ती हकीकत तपासण्याचे शास्त्र आपल्याकडे आले ते एकाच दिशेने वाहणाऱ्या नद्यांच्या मुलखांतून. पाण्यातील सेंद्रिय घाण किती प्राणवायू खाते हे मोजण्यास १९१२ साली ब्रिटिश रॉयल कमिशनने पाच दिवसांची मुदत धरली, ती तेथील नद्या तेवढ्या अवधीत समुद्रास मिळतात म्हणून, असे सांगतात. आपल्या उष्ण हवेत तीच कसोटी २७ अंशांवर तीन दिवसांची झाली. स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ साली ओहायो नदीवरून जे गणित मांडले त्यातही घाण मिसळल्यावर प्राणवायू उतरतो आणि पाणी पुढे जाता जाता पुन्हा चढतो. ठाण्याच्या खाडीत मात्र पाणी ‘पुढे’ जातच नाही. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उल्हास नदीशी ठाण्यापाशी केवळ एका अरुंद मार्गाने जोडलेली असून, गोड्या पाण्याचा भरघोस लोंढा तिला पावसाळ्यातच लाभतो. एरवी ओहोटीने नेलेले पाणी सव्वासहा तासांनी भरती परत आणते, आणि सकाळी रबाळ्याच्या नाल्यातून गेलेली घाण दुपारी त्याच नाल्याच्या मुखाशी हजर होते.

म्हणून येथे काम करणाऱ्यास प्रथम भरती-ओहोटीचे वेळापत्रक हवे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, ही कोकणातील आडाख्याची रीत. अष्टमीस सहा वाजता पूर्ण भरती, खाडीच्या टोकाशी किंचित उशिरा. उधाण व भांग या दोहोंच्या दिवशी, भरतीस व ओहोटीस, एकाच ठिकाणचे नमुने घेतल्यावाचून एका आकड्यास काहीच अर्थ नाही. प्राणवायूचा नमुना तर होडीतच बांधून घ्यावा लागतो: काचेची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरावयाची, तीत मँगनीज सल्फेट व अल्कयुक्त आयोडाइड सोडावयाचे आणि बूच लावून हलवावयाची. साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे; पांढराच राहिला तर प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच निकाल समजतो. १८८८ मधील विंक्लरची ही युक्ती होडीच्या फळीवर आजही चालते.

जड धातूंचा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा. ज्या कारखान्यांत मिठाच्या द्रावणापासून पाऱ्याच्या घटांत कॉस्टिक सोडा काढीत, तेथून पारा निसटे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील झिंगडे व देसाई यांनी या खाडीतील पाऱ्याविषयीचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला. कॅडमियम खाऱ्या पाण्यातील क्लोराइडशी संधान बांधून गाळाच्या कणांवरून सुटू पाहतो. पारा मात्र प्राणवायूविरहित चिखलातील गंधकाशी जखडून राहतो, आणि तेथील जीवाणू त्याच्या अल्पांशाचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, तो मासळीत शिरतो. पाण्याचा नमुना निर्दोष आणि चिखल दोषी, असा निवाडा येथे सहज संभवतो.

या खाडीतील ऐरोली-वाशी पुलांदरम्यानचा पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ते पक्षी चोचीने गाळून खातात तो हाच चिखल. अशा ठिकाणी आता अभ्यासक नळ्या ठोकून गाळाचा स्तंभ काढतात, त्याच्या चकत्या कापतात आणि शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून त्यांचे वय ठरवितात. खालची चकती कारखान्यांपूर्वीची, वरची कालपरवाची; मात्र चिंबोऱ्या व कृमी या दफ्तराची पाने उकरीत असल्याने वरच्या थरांतील एका दशकाचा मजकूर दुसऱ्यात मिसळतो, म्हणून अनुभवी अभ्यासक बिळांपासून दूरची जागा शोधतो आणि एका नळीच्या साक्षीवर विसंबत नाही.