पुठ्ठ्याची पाठ

बैलाचा पुठ्ठा आणि वहीचा पुठ्ठा एकाच घरातले. संस्कृत ‘पृष्ठ’, प्राकृतात ‘पुट्ठ’, म्हणजे पाठ. पुस्तकाची पाठ राखतो तो पुठ्ठा. खोक्याच्या पुठ्ठ्याला मात्र इंग्रजीने सुरकुत्यांवरून नाव दिलं. ‘कोरुगेटेड’मधला लॅटिन ‘रुगा’ म्हणजे सुरकुतीच. १८५६ साली इंग्लंडमध्ये असल्या चुणीदार कागदाचं पेटंट निघालं ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी! १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्यांभोवती गुंडाळायला घेतला. आज दातेरी रोलरांमधून निघालेला कागद स्टार्चच्या खळीने दोन सपाट कागदांत चिकटवला, की झाला थ्री-प्लाय. जड मालाला फाइव्ह-प्लाय. देवगडचा हापूसही आता अशाच खोक्यातून येतो, पण आपण म्हणतो आंब्याची ‘पेटी’च. (मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. तो हिशेब वेगळा.)