रेषेची भिंत कशी झाली?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी मिनी ड्राफ्टर सांभाळत गर्दीची बस पकडली आहे, त्यांना ड्रॉइंग शीटवरच्या चुकलेल्या रेषेची किंमत वेगळी सांगायला नको. खोडरबर जास्त घासला की कागद उसवायचा आणि अख्खी शीट नव्याने काढावी लागायची. पुढे त्याच वर्षी कॉम्प्युटर लॅबमध्ये ऑटोकॅड उघडलं, 'अंडू' सापडलं आणि ड्राफ्टर माळ्यावर गेला. आमच्या पिढीने ही उडी एका वर्षात मारली. घरांचे नकाशे काढणाऱ्या व्यवसायाला तीच मारायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

आज फोनवर कुठलंही घर डिझाइन करायचं ॲप घ्या. बोटाने भिंत ओढायची, दार उचलून तिच्यात ठेवायचं, थ्रीडीचं बटण दाबायचं. भिंत सरकवली की दारही तिच्याबरोबर सरकतं. त्यात काय विशेष, असं वाटेल. पण भिंत म्हणजे काय, हे कॉम्प्युटरला कळायला दोन दशकं गेली. त्या सगळ्या काळात घरात राहणारा माणूस या नकाशात कुठे होता, हे शोधायला मी या इतिहासात शिरलो.

खण, फक्की आणि निळा कागद

आपल्याकडे जुनं घर खणात मोजायचे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि ते किती ठेवायचं हे बरंचसं मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरायचं. अमक्याचं पाच खणांचं घर आहे, एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला घराचा अंदाज यायचा. नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात असायचा आणि जमिनीवर दोरी लावून, फक्की टाकून उतरायचा. घरमालक तिथेच उभा राहून सांगायचा, की देव इथे, चूल तिथे. आजही बांधकाम सुरू होताना 'लाइन आउट'च्या दिवशी हा प्रसंग घडतो.

म्हणून तो काळ फार समंजस होता, असं समजायचं कारण नाही. चुलीपाशी जिचा जन्म जायचा, तिला चूल कुठे हवी हे सहसा कुणी विचारत नसे. घरातली सगळ्यात अंधारी, धुराने काळी झालेली जागा बहुतेक वेळा तिचीच असे.

नकाशाचा कागद झाला तो मुख्यतः प्रती काढण्याच्या सोयीमुळे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरून, मग पाण्याने धुऊन चित्र उमटवायची रीत शोधली. जिथे ऊन लागतं तो भाग निळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. ट्रेसिंग वर ठेवून हेच केलं की निळ्यावर पांढऱ्या रेषांचा नकाशा मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही 'ब्लूप्रिंट' सगळीकडे पोचली. तोवर प्रत म्हणजे कुणीतरी बसून हाताने गिरवलेला दुसरा नकाशा. पुढे नाकात झोंबणारी अमोनिया प्रिंट आली आणि रंग उलटे झाले, पांढऱ्यावर निळ्या रेषा. नाव मात्र ब्लूप्रिंटच राहिलं.

एकच नकाशा आता मालक, कंत्राटदार आणि सरकारी कचेरी अशा तिघांकडे एकाच वेळी राहू लागला. घराबद्दलचं बोलणं जमिनीवरून टेबलावर आलं, आणि ज्याला नकाशा वाचता येत नाही तो त्या बोलण्यातून बाजूला पडला.

कॉम्प्युटरला फक्त रेष कळायची

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर प्रकाशपेन टेकवून रेष काढायची, आणि या दोन रेषा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या ठेव, असं मशीनला सांगायचं. त्यात आणखी एक मोठी कल्पना होती. एकदा मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती वापरायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती आपोआप बदलतात. आम्ही प्रोग्रामर आज दिवसभर ज्या 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट'च्या गोष्टी करतो, त्यांची ही चुलतभावंडंच.

पण तेव्हाचे कॉम्प्युटर खोलीभर मोठे आणि कोट्यवधींचे. पडद्यावर आकृत्या काढणं परवडायचं ते मोटारी आणि विमानं बनवणाऱ्या कंपन्यांना. दोन खोल्यांच्या घरासाठी एवढं कोण करणार?

ते परवडू लागलं १९८२ नंतर. जॉन वॉकर आणि त्याच्या प्रोग्रामर मित्रांनी 'ऑटोडेस्क' ही कंपनी काढली आणि त्याच वर्षअखेरीस 'ऑटोकॅड' बाजारात आणलं. ते टेबलावरच्या साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर चालायचं. छोट्या ऑफिसातला ड्राफ्ट्समनही आता कॉम्प्युटरवर नकाशा काढू शकत होता.

त्या ऑटोकॅडला रेष, वर्तुळ, अक्षरं आणि लेयर एवढंच कळायचं. भिंत कळत नव्हती. नऊ इंच अंतरावर दोन समांतर रेषा काढल्या की आपण म्हणायचं, ही भिंत. खिडकी हवी तर त्या रेषा तोडायच्या आणि मधे तिची खूण बसवायची. खोली फूटभर वाढवली तर नकाशा, छेद आणि दर्शनी चित्र असं तीन ठिकाणी बदलायचं. एक जागा राहून गेली तर साइटवर भांडण.

ही अडचण चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडली होती. चित्रं साठवण्यापेक्षा इमारतच एकदा कॉम्प्युटरमध्ये साठवा आणि लागतील ती चित्रं तिच्यातून काढून घ्या, असं त्याचं म्हणणं होतं.

बुडापेस्टची भिंत

ही कल्पना साध्या कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्यांत एक छोटी कंपनी होती ती कम्युनिस्ट हंगेरीतली. गाबोर बोयार या भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाने १९८२ मध्ये बुडापेस्टमध्ये 'ग्राफिसॉफ्ट' सुरू केली. सुरुवातीच्या कामांत पाक्श इथल्या अणुवीज प्रकल्पातल्या पाइपांच्या जाळ्याचं थ्रीडी मॉडेल होतं. शीतयुद्धाच्या निर्बंधांमुळे पश्चिमेकडचे मोठे कॉम्प्युटर तिकडे मिळणं अवघड होतं. जे छोटं मशीन हाताला लागेल त्यावर भागवायची सवय या लोकांना लागली, आणि ॲपलचे छोटे कॉम्प्युटर आल्यावर तीच कामी आली. स्टीव्ह जॉब्जने त्यांना मदत केली. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट पार्कमध्ये २०११ पासून त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे.

त्यांच्या 'आर्किकॅड'मध्ये भिंत ही भिंत होती. तिला जाडी होती, उंची होती, आणि आपल्यात कुठलं दार आहे हे तिला माहीत होतं. भिंत एकदा हलवली की नकाशा आणि छेद दोन्ही बदलायचे. २००० साली आलेल्या 'रेव्हिट'ने हाच विचार पुढे नेला.

आपल्याकडे या बदलाने गमतीशीर वळण घेतलं. गेल्या दोन दशकांत पुण्यासारख्या महापालिकांनी बांधकाम परवानगीचे नकाशे सॉफ्टवेअरने तपासायला सुरुवात केली. त्यासाठी ऑटोकॅडच्या फाइलमध्ये प्लॉटची हद्द, बांधकाम, मोकळी जागा हे सगळं नेमून दिलेल्या नावांच्या लेयरवर काढावं लागतं. बिचाऱ्या रेषेला स्वतःची ओळख नाही, म्हणून तिच्या गळ्यात पाटी अडकवायची. पाटी चुकली तर बरोबर असलेला नकाशाही नापास.

घर गुण कशावर मिळवतं?

आतापर्यंतची सगळी अवजारं व्यावसायिकांची होती. घरमालकाच्या हातात ती आली १९९० च्या दशकात. 'थ्रीडी होम आर्किटेक्ट'सारखी सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या दुकानांत डब्यात मिळू लागली. २००० मध्ये आलेलं 'स्केचअप' २००६ मध्ये गूगलने विकत घेऊन फुकट वाटलं. त्याच सुमारास इमान्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रामरने 'स्वीट होम थ्रीडी' हे मुक्त सॉफ्टवेअर जावामध्ये लिहिलं. आजही ते जुन्या लॅपटॉपवर चालतं.

या यादीत मी एका गेमचंही नाव घालीन, 'द सिम्स'. विल राइट याचं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधलं घर १९९१ च्या वणव्यात जळालं. नव्याने संसार मांडताना माणसाला नक्की काय काय लागतं, या विचारातून त्याला घर बांधायच्या गेमची कल्पना सुचली. खेळाडूने घर बांधायचं आणि गेमने त्याला गुण द्यायचे. पण गुण कशावर द्यायचे? म्हणून त्याने घरात छोटी माणसं सोडली. ती झोपणार, स्वयंपाक करणार, बाथरूमच्या दारात एकमेकांना अडकणार. त्यांचे हाल झाले तर घर वाईट. पुढे गेम त्या माणसांचाच झाला.

मला या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा क्षण वाटतो. ऑटोकॅडला रेष कळली, आर्किकॅडला भिंत कळली. घर बरं की वाईट हे त्यात राहणाऱ्यांना विचारून ठरवायचं, हे एका गेमला कळलं.

साडेसात सेंटिमीटर

फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः घर काढायला बसलात की पहिली अडचण न दिसणारी असते. स्वीट होम थ्रीडीमध्ये नवी भिंत आपणहून साडेसात सेंटिमीटर जाडीची आणि अडीच मीटर उंचीची येते. आपली बाहेरची विटेची भिंत नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर. आतली साडेचार इंची, म्हणजे साडेअकरा. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर आहे.

हिशोब करून पाहा. रुंदीत तीन खोल्या आहेत, म्हणजे दोन बाहेरच्या आणि दोन आतल्या, अशा चार भिंती. पडद्यावर त्यांनी ३० सेंटिमीटर खाल्ले. प्रत्यक्षात, प्लास्टर सोडून, ६९ खाल्ले. ३९ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास सवा फूट जागा मुळात नव्हतीच. वीस फूट रुंदीच्या प्लॉटवर सवा फूट म्हणजे मोटारसायकल आत जाईल की नाही, एवढा फरक.

जाडी सेटिंगमध्ये बदलता येते. फर्निचरच्या यादीचं मात्र तसं नाही. तिच्यात सोफा, बाथटब, डिशवॉशर आहेत. मोरी नाही, देवघर नाही, उभ्याने स्वयंपाक करायचा कडप्प्याचा ओटा नाही. कुणी ते मुद्दाम गाळलेलं नाही. लिहिणाऱ्याच्या घरात जे होतं ते यादीत आलं. पण यादीत जे नाही, त्याला नकाशात जागा ठेवायची आठवणही होत नाही.

बावन्न गावं

राहणाऱ्याची आठवण न ठेवता काढलेला नकाशा किती महाग पडतो, हे महाराष्ट्राने सॉफ्टवेअरच्या आधीच पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं.

नवी घरं भूकंपाला टिकतील अशी हवी होती आणि लवकर हवी होती. या दोन्ही गरजा खऱ्या होत्या. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रस्ते आखले आणि त्यांवर सारखी घरं ओळीने उभी राहिली. एक मूळ आकृती आणि तिच्या असंख्य प्रती. त्यासाठी कॉम्प्युटर लागतोच असं नाही.

जुन्या गावातल्या घराला उंच भिंतीआड अंगण होतं. तिथे धान्य वाळायचं, जनावरं बांधलेली असायची, बायका रस्त्यावरच्या नजरा चुकवून कामं करत बसायच्या. नव्या नकाशात खोल्या होत्या, या कामांना जागा नव्हती. मग लोकांनी हळूहळू पत्र्याची शेड घातली, कुंपणाच्या भिंती उचलल्या, जमेल तसं अंगण परत मिळवलं. भिंती भूकंपासाठी होत्या, ते बरंच झालं. पण तिथे रोज जगायचं कसं, हा भाग लोकांनी मागाहून स्वतःच्या पैशाने पूर्ण केला.

आपल्या हातातला नकाशा

फोनवरच्या ॲपला बीममध्ये किती सळ्या लागतात हे कळत नाही. कॉलम कुठे येणार, खालची जमीन मुरमाची की काळी, हेही कळत नाही. त्याच्या नकाशावर घर बांधू नये. त्यासाठी इंजिनिअर आणि त्याची सही लागतेच.

पण इंजिनिअरकडे जाण्याआधीचं बोलणं त्यावर नक्की होऊ शकतं. नकाशा वाचता येत नाही म्हणून जी माणसं टेबलापासून लांब राहिली, त्यांना थ्रीडी चित्र वाचता येतं. भिंतीची जाडी नऊ इंच करा. मोरीसाठी तीन बाय चारचा साधा चौकोन काढून ठेवा. कपाटाचं दार पूर्ण उघडल्यावर पलंगाला लागतं का, आजीला रात्री उठून किती पावलं चालावं लागेल, पाहुणा बाहेरच्या खोलीत असताना आतून मोरीत जाता येईल का, हे राइटच्या गेमसारखं माणसं फिरवून पाहा.

आणि सुरुवात घरात सगळ्यात जास्त वेळ उभी राहणाऱ्या माणसापासून करा. आईच्या हातात फोन द्या, ओटा कुठे आणि खिडकी कुठल्या बाजूला, हे तिलाच ठरवू द्या. भिंत ओढायला तिला पाच मिनिटांत जमेल. तिने काढलेलं चित्रच पहिलं इंजिनिअरकडे जाऊ दे.