बॅकबेचा शेअर घेऊ नका

साल १८६१. तुम्ही खंडाळ्याच्या खाली बोरघाटात उभे आहात. वर, कड्याच्या तोंडावर, एक माणूस दोराला लटकून सुरुंगाचं भोक पाडतोय. घणाचा घाव पडला की पहार थोडी फिरवायची, पुन्हा घाव. भोक पुरेसं खोल झालं की दारू ठासायची, वात लावायची आणि वरच्या गड्यांनी दोर ओढून घ्यायचा. वेळेवर ओढला तर.

"ओ पावणं, हिकडं सरा! सुरुंग हाय!"

तुम्ही सरता. दगड दरीत जातो, धूर निवतो आणि दोर पुन्हा खाली सुटतो. या घाटात यंदा रेल्वेच्या कामावर असलेल्या माणसांचा आकडा ४२,००० वर गेलाय. त्यांची झोपडी गळते, पाणी जवळ नाही आणि पटकीची साथ दर हंगामात येते. दोनच वर्षांपूर्वी मजुरी थकली म्हणून इथं दंगल झाली. तेव्हाचा ठेकेदार बाजूला झाला, त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज आला आणि आल्यावर लगेच तापानं गेला. कंत्राट आता त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल चालवते. मुकादमाला विचारलंत तर तो 'बाईसाहेबांचं काम' असंच म्हणेल.

रूळ, इंजिनं आणि पुलांचं लोखंड विलायतेहून येतं. पैसाही तिथलाच. तो इथं आला कसा, हे घाटातून बाहेर पडण्याआधी ऐकून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीनं १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी, आणि भागधारकाला पाच टक्के व्याजाची हमी. रेल्वेला नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. म्हणजे लंडनमधल्या एखाद्या निवृत्त पाद्र्यानं घातलेल्या शंभर पौंडांवर पाच पौंड नक्की, आणि ते नक्की करण्याची जबाबदारी इंदापूर-भीमथडीच्या शेतसाऱ्यावर. पुढे १८७२ साली विल्यम मॅसी हा इथला माजी अर्थमंत्री पार्लमेंटच्या समितीपुढे साफ सांगणार आहे की पाच टक्के मिळताहेत तोवर आपला पैसा विटांत गेला की हुगळीत फेकला गेला, याच्याशी त्या भांडवलदाराला काही देणंघेणं नव्हतं. परकीय गुंतवणुकीवर एवढं स्वच्छ वाक्य आजही कुठल्या परिषदेत ऐकायला मिळत नाही.

काम मात्र अफाट झालं, हे मान्य करायला हवं. सोळा मैलांच्या आत १,८३१ फूट चढायचं, त्यासाठी पंचवीस बोगदे, आणि मध्येच एका ठिकाणी गाडी थांबवून इंजिन पुढून मागे लावायचं, कारण वळायला डोंगरात जागाच नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हस्ते घाट खुला होतो. आखणी करणारा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली त्याआधीच वारलेला आहे.

आता तीन वर्षं पुढे. १८६४ ची मुंबई.

बोरीबंदरला उतरलात की आधी धूळ खाल. फोर्टचे तट पाडणं चाललंय. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' येऊन वर्षच झालंय आणि त्यातली मुंबई आताच जुनी वाटायला लागली आहे. फेब्रुवारीत झालेल्या पहिल्या शिरगणतीत माणसं भरली ८,१६,५६२. एवढी माणसं इथं करतात काय, ते बघायला कुलाब्याला चला.

कॉटन ग्रीनवर कापूसच कापूस. गुजरातेतून गलबतांनी आलेला, खानदेश-वऱ्हाडातून गाड्यांनी आणि रेल्वेनं आलेला. दलाल गाठीत हात कोपरापर्यंत खुपसतो, आतली मूठभर रुई बाहेर काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धागा किती लांब निघतो ते बघतो. धागा आखूड. मग तो मूठ हुंगतो, कारण वजन वाढावं म्हणून गाठीवर पाणी मारलेलं असतं. सरकी तर असतेच, कधी दगड निघतो. या लबाडीला आळा घालायला गेल्याच वर्षी सरकारनं खास कायदा केला. तरी भाव चौपट! लिव्हरपूलला हिंदी कापूस सरसकट 'सुरत' म्हणून ओळखला जातो, आणि लँकेशायरचे विणकर त्याला इतके कंटाळलेत की देवाकडे कापूस मागताना 'पण सुरत नको' असं पुरवणीत सांगतात, अशी गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे.

पण देवाजवळ दुसरा कापूस नाही. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटलंय, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली आहेत, आणि लँकेशायरला लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा तिथूनच यायचा. ती जागा मुंबई भरते आहे. युद्धाच्या वर्षांत या बंदरात नेहमीपेक्षा जवळपास आठ कोटी पौंड जास्त आले. लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकला. मध्य प्रांतात गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींतला अर्धा भाग सोडून द्या, तरी उरलेला पुरेसा आहे.

प्रश्न एवढाच की हा पैसा ठेवायचा कुठे. दहा वर्षांपूर्वी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सुताची गिरणी काढायचं ठरवलं, आणि ताडदेवला ती १८५६ पासून चालूही आहे. पण गिरणीचा धंदा म्हणजे चाती, कोळसा, मिस्तरी, मजूर, आणि नफ्यासाठी वर्षानुवर्षं थांबणं. थांबायला कोण तयार आहे?

म्हणून तुम्ही टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली येता. इथं ना कचेरी ना पाटी. झाडाच्या सावलीत दलाल उभे. पागोटी, लाल पगड्या, मधूनच एखादी इंग्रज टोपी. शहरात आज ३१ बँका आहेत आणि १६ फायनान्स कंपन्या. समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या वेगळ्या. त्यातली बॅकबे रिक्लमेशन सगळ्यांत तेजीत. शेअरवर भरलेले रुपये ५,०००, भाव ५०,००० च्या वर. जमीन कुठे आहे म्हणाल तर अजून पाण्याखाली.

"शेट, बॅकबे हवेत? आत्ता घ्या. संध्याकाळी हा भाव नाय मिळायचा."

"पैसे कुठायत एवढे?"

"पैशे कोण मागतो? वायदा करा. पयली जुलै. अजून आठ महिने हायेत."

हा सगळा बाजार ज्यांच्या नावावर चालतो ते प्रेमचंद रायचंद वय वर्षं तेहतीसचे. इंग्रजी येणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती. लिव्हरपूलचा भाव इतरांआधी कळावा म्हणून ते बोटी बंदरात लागायच्या आत समुद्रात होड्या पाठवतात, असं बोललं जातं. खरी किमया मात्र बँक ऑफ बॉम्बेत आहे. १८६३ च्या कायद्यानं या बँकेला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मोकळीक मिळाली. मग शेअर घ्यायचा, तो बँकेत ठेवायचा, आलेल्या कर्जातून दुसरा घ्यायचा. बँकेत सरकारचा स्वतःचाही वाटा आहे, त्यामुळे कुणाला भीती वाटत नाही.

इथं तुम्हाला एक मोह होणार, आणि झाला नाही तर नवलच. तुम्ही भविष्यातून आला आहात. पुढच्या एप्रिलात दक्षिणेचा जनरल ली शरण जाणार, हे या वडाखालच्या एकाही माणसाला माहीत नाही. मग बॅकबे विकत कशाला घ्यायचे? विकायचेच! आज पन्नास हजारांचा भाव बांधून एक जुलैला द्यायचे कबूल करायचं, आणि त्या दिवशी दोन हजारांना उचलून द्यायचे. शेअरमागे अठ्ठेचाळीस हजार. हिशेब बिनचूक आहे.

करून बघा.

९ एप्रिल १८६५. ली शरण जातो. बातमी मुंबईत यायला आठवडे लागतात, पण कापूस तहाच्या वावड्यांनीच घसरायला लागलेला आहे. मे महिन्यात मोठ्या पेढ्या बसू लागतात. १ जुलैला तुम्ही बॅकबेचे स्वस्तात घेतलेले शेअर घेऊन वडाखाली हजर. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलंय. आता पन्नास हजार देणारा माणूस शोधा.

तो दिवाळखोर आहे. त्याला जो देणं लागतो, तोही. प्रत्येकाचं येणं दुसऱ्याकडे अडकलेलं आणि साखळीत रोकड कुठंच नाही. दिवाळखोरांची प्रकरणं निकालात काढायला सरकारला वेगळा कायदा करावा लागतो. भाकीत बरोबर येणं आणि पैसे हातात पडणं या दोन गोष्टींत फार अंतर असतं. ज्या बाजारात देणेकऱ्याची ऐपत कुणी तपासलेली नाही, तिथं जिंकलेलाही बुडतो. मला तर या सगळ्या कथेत हरलेल्यांपेक्षा या जिंकलेल्यांचं जास्त वाईट वाटतं, पण तो भाग सोडा.

बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. प्रेमचंदही बुडाले, मात्र १९०६ पर्यंत जगले. तेजीत असताना त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशातून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो आजही वेळ दाखवतो. रेल्वेचं म्हणाल तर तिच्या भागधारकांना १८६५ मध्येही पाच टक्के मिळाले.

पुढचा मुक्काम पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातलं सुपे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस.

सुपं काही कापसाचं गाव नव्हे. ज्वारी-बाजरीचा कोरडा मुलूख. अमेरिकेतल्या लढाईशी याचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. संबंध उधारीचा आहे. तेजीत मुंबईचा पैसा पेढ्यापेढ्यांतून गावच्या सावकारापर्यंत उतरला होता आणि तो कुणालाही कर्ज द्यायला तयार होता. तेजी गेली, धान्याचेही भाव पडले, नेमका त्याच सुमारास नव्या पाहणीनं सारा वाढला आणि सावकारानं हात आखडता घेतला. नवं कर्ज नाही, जुन्याची फिर्याद मात्र कोर्टात.

आज बाजाराला आलेली माणसं गुजर-मारवाड्यांच्या दुकानांवर चालून जातात. जवळून बघा. धान्याला, कापडाला हात लागतोच, काही दुकानं पेटतातही, पण आरडाओरड एकाच गोष्टीसाठी आहे.

"खत काढ भायेर! माज्या बाचं खत काढ!"

सावकार पेटी उघडतो. अंगठा उठवलेले कर्जाचे कागद बाहेर येतात. ज्याचं खत आहे त्याला स्वतःला ते वाचता येत नाही, म्हणून सगळाच ढीग पेटवतात. कागद दिला की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला कुणी बोट लावत नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरतं, चौकशी आयोग बसतो आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा येतो. साऱ्याला मात्र सुपेकरांना हात लावता आला नाही, कारण तो कागद गावात नव्हता. लंडनची हमी ज्यातून भागायची तो हाच सारा.

शेवटी नागपूरला चला, थोडा वेळ आहे. १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी इथं पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली. पासष्टच्या पडझडीत त्यांच्या घराण्याची पेढीही होरपळली होती. जमशेटजी तेव्हा विलायतेत होते आणि घेणेकऱ्यांसमोर त्यांना स्वतः उभं राहावं लागलं होतं. त्यातून त्यांनी काय धडा घेतला ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही, पण या कंपनीची गिरणी त्यांनी मुंबईला काढली नाही, जिथं बाकी सगळे काढत होते. कापूस वऱ्हाडात आणि कोळसा वरोऱ्याला, मग सूत मुंबईत का काढायचं? जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली. भराव घालताना बघून एका मारवाडी सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. म्हणाला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. व्यवस्थापक म्हणून आणले बेजनजी दादाभाई, ते रेल्वेच्या मालखात्यातले. सुतातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण गाडीचे दर तोंडपाठ. रेल्वेचे दर बंदराकडे जाणाऱ्या मालाला धार्जिणे आहेत हे ज्याला माहीत, असाच माणूस इथं कामाचा.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत राणी व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून जाहीर होते आणि इथं एम्प्रेस मिल सुरू होते. आत शिरलात तर तेलाचा आणि ओल्या रुईचा वास एकत्र येईल. चात्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. जॉबर, म्हणजे मुकादम, हातानं खूण करतो, पोऱ्या तुटलेला धागा बोटानं जोडून पुढच्या चातीकडे सरकतो. एका साच्यावर तिघे जण वाकलेले आहेत, तो सकाळपासून चालत नाही. ही पहिली यंत्रं स्वस्तातली घेतलेली. काही वर्षांत ती काढून नवी बसवावी लागली, आणि नवीही विलायतेहूनच मागवली.